माळीकामासाठी महाविद्यालय कशाला?



उद्यानविद्येच्या पदवीचा विषय निघाला की सुरतेतील मराठी वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : माळीकाम शिकण्यासाठी महाविद्यालय कशाला हवे? प्रश्न विचारणारी माणसे अडाणी नसतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जी खानदेशी कुटुंबे येऊन वसली, ती बहुतेक शेतीच्या हलाखीतूनच बाहेर पडलेली आहेत. तापीकाठाने जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर करीत जी रेल्वे सुरतेस येते, तिने धुळे-जळगावकडील माणसे पिढ्यानपिढ्या या शहरात आणून सोडली. कोणी यंत्रमागावर लागले, कोणी रंगाईच्या कारखान्यात, कोणी भाजीची हातगाडी घेतली. अशा घरातील मुलगा बारावीची विज्ञान शाखा उत्तीर्ण होतो आणि म्हणतो की, मला नवसारीला फळबागांचे शिक्षण घ्यावयाचे आहे. तेव्हा घरात काय होते? असा एक बाप, सारे आयुष्य मागाजवळ उभा राहिलेला गृहस्थ, मला म्हणाला, "सर, वावर विकून आलो आम्ही इथं. आता पोरगं चार वरीस शिकून परत वावरातच जायचं म्हणतंय. मग विकलं कशाला?"

त्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही, आणि ते टाळणे तर मुळीच योग्य नाही. कारण त्यात एका कुटुंबाची चार वर्षांची मिळकत गुंतलेली आहे. शिवाय बापाचे म्हणणे एका अर्थाने खरेही आहे. कलम बांधण्याचे कसब महाविद्यालयातून जन्मले नाही. गणदेवी-अमलसाडच्या वाड्यांत ज्यांची बोटे चाकू चालवितात, त्यांतील बहुतेकांनी शाळेचे दार फार तर काही वर्षे पाहिलेले असते. आणि पदवीधराने बांधलेली शंभर कलमे व त्यांनी बांधलेली शंभर कलमे शेजारी ठेवली, तर अधिक कोणाची जगतील याविषयी पैज लावण्याचे धाडस मी करणार नाही. तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे की, हाताचे कसब बागेत मिळत असताना, बागेत जे मिळू शकत नाही असे काही महाविद्यालयात मिळते काय?

माझ्या मते मिळते. त्याचे कारण फळझाडाच्या स्वभावातच आहे.

भाताचा किंवा ज्वारीचा शेतकरी विचारात घ्या. विसाव्या वर्षी त्याने नांगर धरला आणि साठाव्या वर्षी ठेवला, तर त्याच्या हातून चाळीस पिके जातात. एका वर्षी बियाणे चुकले, तर पुढच्या वर्षी ते बदलता येते. पेरणी आठ दिवस उशिरा झाली, तर तिचा परिणाम चार महिन्यांत डोळ्यांसमोर उभा राहतो. निसर्ग त्याला दरवर्षी परीक्षेस बसवितो आणि दरवर्षी निकालही लावतो. आंब्याच्या किंवा चिकूच्या बागाइतदाराचे तसे नाही. दहा मीटरवर एक याप्रमाणे त्याने एकरी चाळीस झाडे लावली. जमीन बरोबर निवडली काय, अंतर योग्य ठेवले काय, कलम अस्सल होते काय, या प्रश्नांची उत्तरे त्याला पाचव्या, सातव्या, कधी पंधराव्या वर्षी मिळतात. तोवर झाडे छातीच्या वर गेलेली असतात. ती उपटून पुन्हा आरंभ करण्याचे बळ कोणात असते? एका माणसाच्या आयुष्यात नव्याने बाग उभी करण्याचे प्रसंग एक, फार तर दोन. ज्या विद्येत चूक पाच वर्षे लपून राहते, तीत केवळ स्वतःच्या अनुभवावर विसंबणे फार महाग पडते. दुसऱ्यांच्या चुका, शंभर बागांच्या नोंदी, तीन पिढ्यांचे प्रयोग हे कोठेतरी एकत्र ठेवून शिकवावे लागतात. ज्या जागी ते ठेवतात, तिला आपण महाविद्यालय म्हणतो.

ही गोष्ट आपल्याकडे कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. महात्मा जोतीराव फुल्यांचे आडनावच मुळी फुलांच्या धंद्यावरून पडलेले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना गावच्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान दिले जावे असे त्यांनी सुचविले, आणि पुढल्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानाची किंमत त्यांनी मांडून दाखविली. त्याच सुमारास पुण्यात या शिक्षणाचा पाया पडत होता. गणेशखिंडीची वनस्पती-उद्यानाची जागा १८७३ची. विज्ञान महाविद्यालयात शेतकीचे वर्ग निघाले ते १८७९ साली. आणि स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले १९०७-०८ च्या सुमारास. मुंबई इलाख्यातील फळझाडांचा शास्त्रीय अभ्यास या मंडळींनी वाढविला. त्या काळी सुरत व नवसारीच्या आसपासचा मुलूख आणि पुणे-नाशिक हे फळांच्या दृष्टीने फारसे दूरचे नव्हते. आंबा, केळी, पेरू, सीताफळ यांना इलाख्यांच्या व संस्थानांच्या सीमा ठाऊक नसतात.

मौज अशी की, ज्या फळांना आपण अगदी घरची मानतो, त्यांतील पुष्कळशी समुद्रावरून आलेली आहेत. पेरू, पपई, सीताफळ, काजू, अननस आणि आपल्या या भागाचा लाडका चिकू ही सर्व अमेरिका खंडातील. आंबा आपला, परंतु त्याच्या निवडक जातीचे कलम करून ती जशीच्या तशी टिकविण्याची कला गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी रुजली असे मानतात, आणि हापूस हे नावही आल्फान्सोचा अपभ्रंश. म्हणजे परंपरागत म्हणून जे ज्ञान आपण महाविद्यालयाच्या विरोधात उभे करतो, तेही कोणे एके काळी कोणीतरी बाहेरून शिकूनच आणलेले होते.

आता एक उदाहरण घेऊ, आणि त्यावर थोडा वेळ थांबू. कारण पदवीच्या अभ्यासक्रमात नेमके काय असते, हे विषयांची यादी वाचून दाखविण्यापेक्षा यातून अधिक चांगले कळेल.

हापूस आंब्याला एक रोग होतो, त्याला आपण साका म्हणतो. रोग म्हणणेही बरोबर नाही, कारण त्यात कीड नाही आणि बुरशीही नाही. वरून फळ निर्दोष, रंग सुरेख, वास मोहक. कापावे तर कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. बागाइतदाराला तो झाडावर दिसत नाही, दलालाला पेटीत दिसत नाही. दिसतो तो गिऱ्हाइकाला, पैसे दिल्यानंतर. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात हापूस विलायतेस पाठविण्याचे प्रयोग झाले, तेव्हा डॉ. जी. एस. चीमा आणि त्यांचे सहकारी दाणी यांनी या दोषाची शास्त्रीय नोंद केली. हेच ते चीमा, ज्यांनी गणेशखिंडीत आळंदी डाळिंबाच्या रोपांतून निवड केली आणि जिला पुढे ‘गणेश’ हे नाव मिळाले. साक्याची नोंद झाली, तरी उपाय हाती आला नाही. पुढे अभ्यासकांनी पाहिले की, फळ झाडावर पुरते पिकू देण्यापेक्षा कोकणात ज्याला चौदा आणे तयार म्हणतात त्या अवस्थेत उतरविले, तर साका कमी आढळतो. उतरलेले फळ तापलेल्या जमिनीवर, उन्हात पडू देऊ नये; झाडाखालच्या जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन असावे, म्हणजे तिची धग फळांना लागत नाही. कोयीत रुजण्याची प्रक्रिया वेळेआधी सुरू होते आणि ती भोवतालच्या गरातील सत्त्व ओढते, असाही एक विचार पुढे मांडला गेला.

आणि मग संकराचा मार्ग. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली प्रसृत झाली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ १९९२ साली. इकडे वलसाड जिल्ह्यातील परिया येथील केंद्राने हापूस व बनेशान यांच्यापासून ‘सोनपरी’ काढली. या जातींत साका आढळत नाही. म्हणजे दोषाची नोंद झाल्यापासून त्यातून सुटलेली पहिली नावाजलेली जात बागेत जाईपर्यंत सुमारे अर्धे शतक लोटले. ज्यांनी पहिली नोंद केली, त्यांचे काम दुसऱ्यांनी पुढे नेले. आणि हे शक्य झाले ते एकाने दुसऱ्यासाठी लिहून ठेवले म्हणून. कितीही निष्णात माळी असो, त्याच्या एकट्याच्या बागेतून हे निष्पन्न झाले नसते. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, इतके होऊनही बाजारात हापूसची गादी हापूसकडेच आहे. जिभेपुढे शास्त्राचे नेहमी चालतेच असे नाही.

असे प्रश्न चार वर्षांत विद्यार्थ्यापुढे येतात. सुरतेहून दक्षिणेस अर्ध्या-पाऊण तासाच्या रेल्वेवर नवसारी आहे. तेथील कृषी विद्यापीठ पूर्वी गुजरात कृषी विद्यापीठाचा भाग होते. २००४ साली ते स्वतंत्र झाले. फवारणीच्या पंपांमुळे शेतकऱ्यांच्या घरोघर पोहोचलेले ॲस्पी हे नाव तेथील उद्यानविद्या महाविद्यालयाला आहे. पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची. अभिवृद्धी, मृदाशास्त्र, वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र, कीड आणि रोग, भाजीपाला, फुलझाडे, मसाल्याची पिके, काढणीनंतरची साठवण व प्रक्रिया, अर्थशास्त्र, सांख्यिकी असे विषय. आणि अखेरच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांच्या बागांत प्रत्यक्ष काम. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या मुलास पहिली दोन सत्रे जड जातात, हे पालकांनी आधीच जाणून असावे.

परंतु भाषेची खरी परीक्षा वर्गात नसून बागेत आहे. दक्षिण गुजरातच्या वाड्यांत राबणारी माणसे पुष्कळशी हळपती, धोडिया, नायका अशा समाजांतील. झाडाखाली कोणता किडा पडतो, कोणत्या फांदीला फळ आधी लागते, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, हे त्यांना ठाऊक असते. पण ते त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत. पुस्तकातील लॅटिन नाव त्यांना माहीत नाही आणि विद्यार्थ्याला त्यांचे नाव माहीत नाही. जो विद्यार्थी वहीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहून घेतो, तो पुढे कामाचा होतो. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलांना एक सोय जन्मतःच मिळालेली आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी असे त्यांचे कान आधीच तयार झालेले असतात. या गोष्टीची किंमत त्यांना स्वतःलाही बहुधा वाटत नाही.

हात आणि पुस्तक यांची सांगड कशी पडते, याचे एक थोर उदाहरण सुरतेतच आहे. ते फळझाडाचे नव्हे, कपाशीचे. तरी सांगण्याजोगे आहे. येथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘संकर-४’ हे वाण दिले. व्यापारी प्रमाणावर पिकविलेले जगातील ते पहिले संकरित कापसाचे वाण. आता संकरित बी तयार करावयाचे, तर दरवर्षी एकेका कळीतील पुंकेसर आदल्या दिवशी दुपारनंतर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिला लावावे लागतात. लक्षावधी कळ्या! हे काम शेतमजूर स्त्रियांच्या बोटांनी केले. कल्पना शास्त्रज्ञाची खरी. परंतु त्या बोटांवाचून ती कागदावरच राहिली असती, आणि त्या कल्पनेवाचून त्या बोटांना तो रोजगार मिळाला नसता.

आता चिकूकडे येऊ. अमलसाड व गणदेवीच्या सहकारी मंडळ्यांचा चिकू उत्तरेकडे दूरवर जातो. इकडे डहाणू-घोलवडचाही तोच वाण, कालीपत्ती. चिकूचे कलम स्वतःच्या रोपावर करीत नाहीत, तर खिरणीच्या खुंटावर करतात. गुजरातीत तिला रायण म्हणतात. खिरणी ही मोठी संथ. बी लावल्यापासून कलमाजोगी जाडी येण्यास दोनेक वर्षे सहज जातात. मग भेटकलम किंवा शेंड्याचे कलम बांधावयाचे, ते सांधले म्हणजे विकावयाचे, लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी चार फळे दिसणार, आणि बाग म्हणण्यासारखे उत्पन्न सहाव्या-सातव्या वर्षाच्या पुढे. आपला विद्यार्थी पहिल्या सत्रात खिरणीचे बी लावील, तर पदवी घेऊन बाहेर पडताना त्या बियाच्या चिकूची चव त्याने घेतलेली नसेल. पदवी आणि झाड यांचे वय असे जुळत नाही.

त्यातून या शतकाच्या आरंभी डहाणूकडील किनारपट्टीत चिकूच्या बियांत शिरणारी एक अळी दिसू लागली. फळ वाढते, बाहेरून ठीक दिसते. अळी आत बी खाऊन बाहेर पडते तेव्हाच भोक दिसते. हिची आठवण कोणाच्या आजोबांना असणे शक्य नव्हते, कारण आजोबांच्या काळी ती तेथे नव्हती. पडलेली फळे वेचून नष्ट करणे, बाग मोकळी व स्वच्छ ठेवणे, अळी कोशात कोठे जाते ते पाहून तेथे तिला गाठणे, हे उपाय निरीक्षणातून निघाले. अशा वेळी बागाइतदार कोणाकडे जातो? औषधाच्या दुकानदाराकडे. आणि दुकानदार त्याला जे शिल्लक असते ते देतो. त्या दोघांच्या मध्ये जर कोणी जाणता, पक्षपात नसलेला मनुष्य उभा राहावयाचा असेल, तर तो या महाविद्यालयांतून यावयास हवा.

येथे मला पदवीधरांविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. या पदवीकडे येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची नजर झाडावर नसते. बँकेतील कृषी अधिकाऱ्याची परीक्षा, लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि त्यांच्या तयारीसाठी वसतिगृहाची खोली. सरकारी नोकरीची इच्छा धरणे हा गुन्हा नाही. ज्याच्या घरी बाप रात्रपाळी करतो, त्याने सुरक्षित पगाराची आस धरली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण चार वर्षे बागेत राहून ज्याच्या बोटाला चाकूचा एक वळ नाही, त्याची पदवी खरी असली तरी विद्या कच्ची. दोष एकट्या मुलांचाही नव्हे. प्रात्यक्षिकाच्या तासाला तीस जणांत एक कलम बांधले जावे आणि उरलेल्या एकोणतिसांनी आकृती काढावी, असे जेथे चालते तेथे दुसरे काय होणार?

मघाच्या त्या बापाचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता, आणि तो अधिक बोचरा आहे. ज्याच्याजवळ वावर उरले नाही, त्याने बागेचे शिक्षण घेऊन करावयाचे काय? महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांच्या प्रवेशाच्या वेळी सातबारा असलेल्या घरच्या मुलास काही गुण अधिक देण्याची पद्धत पडली. हेतू चांगला, शिकलेला मुलगा शेतात परत जावा. पण भूमिहीनाचा मुलगा तेथे एक पायरी खाली उभा राहतो, हे लक्षात कोण घेतो?

माझे उत्तर असे की, उद्यानविद्येतील सर्वच धंदे मोठी जमीन मागत नाहीत. त्यांतील रोपवाटिकेकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. दहा-वीस गुंठे भाड्याची जागा, पाणी, सावलीची जाळी आणि सचोटी एवढे तिचे भांडवल. सचोटी हा शब्द मी सभेत बोलण्यापुरता वापरीत नाही. कलम विकत घेणारा मनुष्य काय विकत घेतो? एक काडी, दोन पाने आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘केसर’ लिहिले आहे की ‘हापूस’, ते खरे की खोटे, हे त्याला पाचव्या वर्षी कळणार. तोवर विकणारा कोठे असेल कोण जाणे. महाराष्ट्रात १९६९ साली फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा झाला तो याचसाठी. पुढे १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा मोठा कार्यक्रम निघाला, कलमांना अतोनात मागणी आली, आणि अस्सल मातृवृक्षाचे महत्त्व शेतकऱ्यांना फार मोल देऊन कळले. डाळिंबाच्या बाबतीत तर याहून वाईट. तेल्या पडलेल्या झाडाच्या गुट्या बांधून विकल्या, तर रोपाबरोबर रोगही नव्या बागेत जातो. कित्येक गावांत डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागल्या, त्यांत अशा रोगट रोपांचाही वाटा होता. म्हणून म्हणतो, ज्याला मातृवृक्ष ओळखता येतो, रोगट झाड कोणते हे समजते आणि जो चिठ्ठीवर खोटे लिहीत नाही, अशा तरुणाला जमीन नसली तरी गिऱ्हाईक मिळते. त्याच्या मालावरचा विश्वास हळूहळू वाढतो, हे खरे; तोही झाडासारखाच पाच वर्षांनी फळतो. तेवढा धीर आणि तेवढ्या काळाची घरची भाकरी असली पाहिजे, ही अडचण मी लपवून ठेवीत नाही. दोन-तीन वर्षे एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत पगारावर काढणे हा त्यावरचा शहाणपणाचा मार्ग होय.

दुसरे क्षेत्र भाजीपाल्याचे. सुरतेसारखे शहर रोज किती भाजी खाते याचा अंदाज सहारा दरवाजाजवळच्या बाजारात पहाटे उभे राहिल्याशिवाय येत नाही. सुरती पापडी, जांभळा कंद, परवर, वांगी! हिवाळ्यातील उंधियूसाठी यांतील काहींना जो भाव येतो, तो अनेक फळांना येत नाही. भाजीत चूक तीन महिन्यांत कळते आणि पैसाही तीन महिन्यांत दिसतो. म्हणून नव्या माणसाने भाजीने आरंभ करावा आणि झाडे मागाहून लावावीत, असे मला वाटते. येथे महाविद्यालयाचा उपयोग निराळा आहे. पापडीचे शुद्ध बी राखणे, रोपे जाळीखाली वाढविणे, काढलेली भाजी दुपारपर्यंत ताजी राहील अशी हाताळणे, या लहान गोष्टी नफ्या-तोट्यात मोठ्या ठरतात.

आणि केळी. जळगावकडील माणसाला केळीविषयी सांगणे म्हणजे गंगेकाठी पाणी विकणे. परंतु एक गोष्ट सांगतो. घड उतरविल्यावर केळीचा जो खुंट उरतो, तो आपण बांधावर टाकीत आलो. तो कुजतो, वाट अडवितो, आणि तो उचलण्याचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो. नवसारी विद्यापीठाने त्या खुंटावर काम केले. त्यातून धागा काढला, आणि पिळून निघालेल्या पाण्यापासून पिकांना देण्याचे एक द्रवरूप पोषक खत तयार केले. मागावरच्या घरातील मुलगा अशा ठिकाणी गेला, तर तो परका नसतो. सुताचा पीळ, ताण, तुटणे हे त्याने लहानपणापासून बापाच्या तोंडून ऐकलेले असते. केळीच्या धाग्याला सुरतेच्या बाजारात कोणते स्थान मिळू शकेल, याचा विचार कृषितज्ज्ञापेक्षा तो मुलगा आणि त्याचा बाप हे दोघे मिळून अधिक चांगला करू शकतील.

तेव्हा पालकांनी मुलास अडवू नये, पण आंधळेपणाने पाठवूही नये. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्याची पारख करता येण्याजोगी आहे. बारावीचे निकाल लागतात तो काळ आंबा उतरण्याचा. आपला कोकणातील ‘नूतन झेला’ किंवा इकडची काठी घेऊन झाडाखाली दिवसभर उभे राहिले, म्हणजे मानेला काय होते ते कळते. फळ देठासह काढले नाही तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, हेही कळते. पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांत कोय कलमांचा हंगाम सुरू होतो. गादीवाफ्यावर कोयी रुजत घातलेल्या असतात. दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे रोप कोयीसकट उचलावयाचे, कोयीपासून चार बोटांवर शेंडा छाटावयाचा, मध्ये उभी चीर द्यावयाची, आणि हव्या त्या जातीची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवून पट्टीने घट्ट बांधावयाची. पाहताना सोपे वाटते. पाचरीची एक बाजू जाड राहिली की संपले.

नवसारी, गणदेवी, वलसाडच्या एखाद्या रोपवाटिकेत ओळख काढून मुलाला आठ दिवस पाठवावे. मजुरी मागू नये. त्याने बांधलेल्या पन्नास कलमांवर त्याचे नाव लिहून ती बाजूला ठेवण्यास सांगावे. काडीवरचा डोळा फुटतो की ती काळी पडते, हे साधारण महिन्याभरात दिसते. प्रवेशाच्या फेऱ्या तोवर चालूच असतात.